हात वर करणारा म्हादबा

म्हादबाला हात वर करायची खोड होती. इतर माणसं हात वर करतात ती जबाबदारी झटकायला, म्हादबा करायचा तो ती अंगावर घ्यायला. आमच्यावर गोल झाला की तो मैदानाच्या कुठल्याही कोपऱ्यात असो, जागच्या जागी थांबायचा, वर्गातल्या पोरासारखा उजवा हात सरळ वर करायचा आणि खणखणीत आवाजात म्हणायचा, "चूक माझी!" आणि आमच्यावर गोल इतके व्हायचे, की एकदा समोरच्या टीमच्या कप्तानानं आमच्या सरांना काळजीनं विचारलं होतं, तुमच्या सेंटर हाफचा खांदा दुखतो का म्हणून.

आमचं कॉलेज म्हणजे लढाई संपल्यावर लष्करानं सोडून दिलेल्या चार बराकी. पुण्याच्या मोठ्या कॉलेजांत ज्यांना जागा मिळाली नाही, किंवा पोरगं पुण्याला जाऊन बिघडेल अशी ज्यांच्या घरच्यांना भीती होती, ती सगळी मुलं तिथं सायकली हाणत यायची. चिंचवडहून, तळवड्याहून, पिंपळे गुरवहून, पिंपरीच्या निर्वासितांच्या छावणीतून. पन्नास साल उलटून तीन-चार वर्षं झाली असतील. कॉलेज म्हटलं की फुटबॉलची टीम पाहिजे, असं आमच्या प्राचार्यांच्या मनानं घेतलं आणि त्यांनी नोटीस लावली. अकरा जण आले. त्यांतल्या नऊ जणांनी फुटबॉल तोवर लांबूनच पाहिला होता. म्हादबा वयानं आणि अंगानं सगळ्यांत मोठा, म्हणून तो कप्तान आणि सेंटर हाफ. बाकी सगळे अनवाणी आणि माझ्याकडे तेवढे कॅनव्हासचे बूट, म्हणून मी फुलबॅक. तर्कशास्त्राच्या सरांना दुपारी तास नसायचा, म्हणून ते आमचे प्रशिक्षक. निवड ही अशी झाली.

म्हादबा रहाटणीचा. घरची शेती. वडील एके काळचे नावाजलेले पैलवान, कान चुरगळलेले, मान खांद्यात बसलेली. त्यांना सगळं गाव तात्या म्हणायचं. म्हादबालाही त्यांनी लहानपणी आखाड्यात घातलं होतं, ते वळण त्याच्या अंगात राहिलं होतं. मैदानात पाऊल टाकायच्या आधी तो वाकून मातीला हात लावायचा आणि हात कपाळाला न्यायचा. चालताना मान खाली, वाटेत कुणाचं काही पडलंय का ते बघत असल्यासारखी. माझे वडील चिंचवडला शाळामास्तर होते, म्हणून तो मला 'मास्तर' म्हणायचा. मी म्हणायचो, अरे, मी अजून कुणाला काही शिकवत नाही. "हुशील की," तो म्हणायचा. झालोही पुढे.

कुस्ती सोडून तू फुटबॉलमध्ये कशाला आलास, असं मी त्याला एकदा विचारलं होतं. माझ्या सायकलचं चाक बसलं होतं आणि माझ्या सोबतीला म्हणून तोही आपली धडधाकट सायकल हातात धरून चालत होता.

"मास्तर, कुस्तीत हारल्यालं मानूस लई एकटं पडतं राव," तो म्हणाला. "हितं अकरा जनं असत्यात."

"पण इथं हरल्यावर तू एकटाच हात वर करतोस की."

त्यानं वाटेतला एक दगड पायानं कडेला सारला. मग म्हणाला, "व्हय, ते बी हायेच."

म्हणजे नेमकं काय, हे मला तेव्हा कळलं नाही. आता कळलंय असंही नाही.

आमच्या टीमचं एक वैशिष्ट्य सांगायला हवं. समोरचे आम्हाला हरवायचे असं फारसं घडत नसे. त्यांना तेवढे कष्ट आम्ही पडू देत नव्हतो. तळवड्याचा भिका आमचा सेंटर फॉरवर्ड. वाऱ्यासारखा पळायचा, पण जन्म सगळा हुतूतूत गेलेला. पहिल्याच मॅचमध्ये तो चेंडू घेऊन मधली रेघ ओलांडून गेला, एकाला चकवलं, दुसऱ्याला चकवलं, समोर नुसता गोली उरला. आम्ही ओरडतोय, "मार, मार!" आणि भिका चेंडूसकट गर्रकन वळला आणि मधली रेघ ओलांडून आपल्या बाजूला परत आला! दम घेत उभा राहिला आणि आमच्याकडे कौतुकाच्या अपेक्षेनं बघायला लागला. नंतर म्हणाला, दोन गडी मारले, मग परत नको यायला? त्याच्या पायातला चेंडू समोरच्यांनी काढून घेतला आणि गोल केला. भिकाला कुणी काही बोलायच्या आत म्हादबाचा हात वर. "चूक माझी! हितं परत यायाचं नसतं, ह्ये मी त्याला सांगाया पायजे हुतं."

पण खुद्द म्हादबाची खोड याहून अवघड होती. आपल्याकडे कुणाला पाय लागला की आपण त्याला हात लावतो आणि तो हात आपल्या छातीला नेतो. लहानपणी पाठीत धपाटे खाऊन शिकलेली गोष्ट. सुरुवातीला आमची सगळ्यांचीच पंचाईत झाली. चेंडू एकीकडे चाललाय आणि दोन खेळाडू एकमेकांना नमस्कार करताहेत, असा तो सराव असायचा. आमचा गोली लच्छू, पिंपरीच्या छावणीतला, तो कपाळाला हात लावून म्हणायचा, "अरे भाई, मॅच खेलने आये हो के मंदिर में?" पंधरा दिवसांत आमची सवय मोडली. म्हादबाची मोडेना. खेळताना कुणाच्या नडगीला पाय लागला की हा थांबलाच, वाकलाच.

"हात आपुआप जातो राव," तो ओशाळून सांगायचा.

सरांनी उपाय काढला. सरावाच्या वेळी म्हादबाचे हात पंच्यानं पाठीमागे बांधायचे. बांधले. दहा मिनिटांत भिकाच्या पोटरीला त्याचा पाय लागला. हात सुटेनात तेव्हा म्हादबानं वाकून भिकाच्या खांद्याला डोकं टेकवलं आणि तोल जाऊन त्याच्यासकट खाली आला. सर म्हणाले, सोडा त्याला. त्या दिवसापासून त्यांनी तो विषय काढला नाही.

सराव चालायचा तो म्हादबाच्याच पडीक रानात, पवना नदीच्या अलीकडे. तात्या बांधावर बसून बघायचे. काही बोलायचे नाहीत, तंबाखू मळायचे आणि बघायचे. ओळीनं चौथी मॅच हरून आम्ही आलो त्याच्या दुसऱ्या दिवशी मात्र ते उठून आमच्यात आले.

"हारायला माजी ना न्हाई," ते म्हणाले. "मी बी हारलोय. पर मला कुनीतरी पाडलं म्हून हारलोय. तुमी तर सोताच सोताला पाडताय. आपल्याच हातानं आपली पाठ टेकिवनारा गडी म्या आजवर बघितला न्हाई."

आम्ही माना खाली घातल्या. तात्या म्हादबाकडे वळले. "दोन वरसं झाली. जितं जाऊन मानसाला येक बाजी मारता येईना, तितं शिकून काय व्हनार? औंदा येक मॅच जिंकून दाव. येकच. मग फुडलं वरीस खुशाल कर आन् बीए हो. न्हाईतर पिंपरीत नवा कारखाना हुतोय, तुज्या चुलत्यानं शबूद टाकलाय, तितं चिकटायचं."

फुटबॉलचा आणि बी.ए.चा संबंध काय, असं कुणीही विचारलं असतं. आम्ही सरांकडे बघितलं. सर तर्कशास्त्र शिकवायचे, पण ते वाकून चेंडूतली हवा तपासायला लागले. म्हादबाच्या भावकीत मॅट्रिकच्या पुढे गेलेला तो पहिला. ते शेवटचं वर्ष त्याला किती हवं होतं हे आम्हाला ठाऊक होतं. पुस्तकांना त्यानं वर्तमानपत्राची कव्हरं घातली होती आणि पुस्तक चुकून खाली पडलं तर त्यालाही तो नमस्कार करायचा.

"व्हय," तो तात्यांना म्हणाला. बस्स, एवढंच.

आमच्या तीन मॅच उरल्या होत्या. त्यांतली पहिली रहाटणीतच होती. पुण्याहून आलेली टीम यथातथाच होती आणि मध्यंतराला आम्ही चक्क दोन गोलांनी पुढे होतो! आयुष्यात पहिल्यांदा. म्हादबाचा चेहरा इतका फुलला होता की त्याच्याकडे बघून आम्हालाच लाज वाटत होती, याला आपण आधी का नाही जिंकून दाखवलं म्हणून. तेवढ्यात बांधावरून म्हादबाची आई आली. डोक्यावर बांबूचा हारा, मागून कालवणाचं पातेलं घेतलेली त्याची चुलती. बाजरीच्या भाकरी, भरली वांगी, ठेचा, कांदा, कळशीभर ताक.

"बसा रं लेकरांनू. पावनं, तुमी बी बसा."

पाहुणे शहाणे. त्यांनी अर्धी-अर्धी भाकरी मोडून हात धुतले. आम्ही मात्र मांडी घालून बसलो. ती माउली वाढतच होती, नको म्हटलं की ताटावर आडवा धरलेला हात बाजूला सारून वाढत होती. मी तीन भाकरी खाल्ल्या. भिकानं किती खाल्ल्या ते त्यालाच माहीत. लच्छूनं ठेच्यानं नाकाडोळ्यांतून पाणी काढत दोन गडवे ताक ढोसलं. मग शिट्टी झाली. दुसऱ्या डावात मी पळायचा प्रयत्न केला तेव्हा पोटातलं ताक माझ्या आधी पळायचं. भिका मधल्या रेघेवर कमरेवर हात ठेवून उभा होता. पाहुण्यांनी चार गोल केले, आणि चौथ्याला तर लच्छू खालीच बसला होता.

चार वेळा हात वर झाला. "चूक माझी!"

निघताना मी चिडून म्हटलं, "तू आईला का नाही सांगितलंस, मॅच संपल्यावर वाढ म्हणून?"

"ती पाटंपासनं चुलीफुडं हुती मास्तर," तो म्हणाला. "आन् तिला वाटलं, पोरं जिंकत्यात, जेवल्यावर आनकी जोरात जिंकत्याल."

यावर चिडणार तरी कसं? मी चिडलोच, पण ते तिखट ढेकर देत चिडणं काही खरं नव्हतं.

यानंतरची मॅच खडकीला, तिथल्या एका वर्कशॉपच्या टीमशी. ही मॅच मला सांगायची नव्हती. आजवर कुणाला सांगितलेली नाही. पण ती गाळली तर म्हादबाबद्दल काही सांगितलं असं होणार नाही.

त्या दिवशी आम्ही कसं कोण जाणे, चांगले खेळलो. भिका पुढे गेला आणि परत आला नाही, त्यानं सरळ गोल मारला. एक-शून्य. मध्यंतराला म्हादबानं कुणाला पाण्याशिवाय काही घेऊ दिलं नाही. वेळ संपत आली. पाचेक मिनिटं उरली असतील. त्यांचा एक उंच चेंडू आमच्या गोलसमोर आला, चार-पाच जणांनी एकदम उड्या मारल्या, धूळ उडाली आणि चेंडू हाताला लागून खाली पडला. माझ्या हाताला. कोपराच्या खाली, चांगला थाडकन. मुद्दाम नव्हे, पण लागला. समोरचे ओरडायला लागले, "हँड! हँड!" पंच म्हणजे एक निवृत्त सुभेदार होते. ते धुळीमुळे गोंधळले होते. त्यांनी शिट्टी वाजवली नव्हती. ते आमच्या एकेकाच्या तोंडाकडे बघायला लागले. माझ्याकडे बघितलं तेव्हा मी बुटाची नाडी बांधायला खाली वाकलो.

वर बघितलं तर म्हादबाचा हात वर.

"साहेब, चूक माझी. हाताला लागला."

म्हादबा चेंडूपासून दहा पावलांवर होता. माझ्याकडे पाठ करून. पण कबुली म्हणजे कबुली. सुभेदारांनी शिट्टी फुंकली, पेनल्टी दिली, लच्छू उजवीकडे पडला आणि चेंडू डावीकडून आत गेला. एक-एक. थोड्या वेळात मॅच संपली.

त्यानंतर जे झालं त्याची मला फार लाज वाटते. सगळे म्हादबावर तुटून पडले. लच्छू तर रडत होता. "किसने पूछा था तेरे को? किसने?" आणि मी, ज्याच्या हाताला तो चेंडू लागला होता तो मी, त्या घोळक्यात उभा राहून म्हणालो, "हरिश्चंद्राचा अवतार! तुझ्यापायी सगळं गेलं." हे शब्द मी उच्चारले. म्हादबानं माझ्याकडे बघितलं, रागानं नाही, दुःखानंही नाही, नेहमीसारखं. आणि म्हणाला, "व्हय."

दापोडीपर्यंत आम्ही दोघं सायकलवर बरोबर होतो. मला राहवेना. विचारलं, "खरंच तुझ्या हाताला लागला होता?"

"कुनाच्या तरी लागला हुता न्हवं?"

"पण पंचांनी बघितलंच नव्हतं."

"आपुन बघितलं की."

आपुन म्हणजे कोण? त्यानं बघितलं होतं? की मी बघितलं होतं हे त्याला ठाऊक होतं? की तो नुसतं बोलायचं म्हणून बोलला? मला पुढे विचारायचं धाडस झालं नाही. विचारलं असतं आणि त्यानं "तुज्या हाताला, मास्तर," असं सांगितलं असतं तर मी काय करणार होतो? नाक्यावर तो रहाटणीच्या वाटेला वळला, वळताना म्हणाला, "सावकाश जा, माती हाय रस्त्यावर." त्या रात्री मी जेवलो नाही.

तात्यांचा निकाल सरळ होता. बरोबरी म्हणजे जिंकणं नव्हे.

राहिली शेवटची मॅच. पुण्यात, तिथल्याच एका कॉलेजच्या दुसऱ्या फळीच्या टीमशी. ती टीमही आमच्यासारखीच हरत आलेली, त्यामुळे आशा होती. मॅच बघायला तात्या स्वतः आले. डोक्याला नवा फेटा. आले ते म्हादबाच्या सायकलच्या कॅरिअरवर बसून, रहाटणी ते पुणे. एवढा पैलवान गडी मागं घेऊन पायडल मारल्यावर म्हादबाच्या मांड्या भरून आल्या होत्या. सरांनी ते बघितलं आणि डोळे मिटून घेतले.

तरीही आम्ही एक गोल केला. त्यांनी एक फेडला. तो कसा झाला ते सांगत नाही, आमच्याच कुणाच्या तरी गुडघ्याला लागून झाला. म्हादबानं हात वर केला. मग बराच वेळ काही घडलं नाही. दोन्ही टीम इतक्या दमल्या होत्या की चेंडूच एकटा पळत होता. तात्या रेघेच्या कडेला उकिडवे बसले होते आणि त्यांची तंबाखू कधीची मळून झाली होती, पण ती तोंडात गेली नव्हती.

शेवटची दोन-तीन मिनिटं. त्यांचा एक किडकिडीत पोरगा चेंडू घेऊन आमच्यात घुसला. म्हादबा आडवा गेला. इतका साफ, इतका सुंदर गेला की तसं मी त्याला कधीच खेळताना बघितलं नव्हतं. चेंडू त्याच्या पायाशी आला. पोरगा अडखळून खाली पडला आणि पडता पडता म्हादबाची टाच त्याच्या गालाला लागली. पंचांनी शिट्टी वाजवली नाही, वाजवण्यासारखं काही नव्हतंच. पुढे सगळं मैदान मोकळं. भिका त्यांच्या गोलसमोर एकटा उभा, दोन्ही हात हलवतोय. म्हादबानं नुसता पाय मारायचा होता. एक लाथ. भिकानं पुढचं केलं असतं, एवढं तो एव्हाना शिकला होता.

"मार म्हादबा!" मी ओरडलो. सगळेच ओरडलो.

म्हादबानं भिकाकडे बघितलं. मी शपथेवर सांगतो, त्यानं बघितलं. मग त्यानं खाली पडलेल्या पोराकडे बघितलं. आणि तो वाकला. त्या पोराच्या गालाला त्यानं हात लावला आणि तो हात आपल्या छातीला नेला. किती वेळ लागतो याला? डोळ्याचं पातं लवायला लागतो त्याहून थोडा जास्त. तेवढ्यात त्यांचा दुसरा गडी आला, म्हादबाच्या पायाजवळचा चेंडू घेऊन गेला आणि लच्छूच्या बगलेखालून त्यानं तो आत मारला.

ज्याच्या गालाला हात लागला तो पोरगा उठून बसला होता. त्याला काहीच समजलं नव्हतं. तो आपला गाल चाचपून बघत होता, याला तिथं काय दिसलं म्हणून.

आम्ही सगळे म्हादबाकडे बघत होतो. आता हात वर जाईल. आता तो "चूक माझी" म्हणेल. खरं सांगतो, इतक्या गोलांमध्ये पहिल्यांदाच ती चूक खरोखर त्याची होती आणि ते त्याच्या तोंडून ऐकायला आम्ही टपून बसलो होतो. हात वर गेलाच नाही. तो सरळ उभा होता, दोन्ही हात खाली. मॅच संपल्याची शिट्टी झाली तरी तसाच.

लच्छू धावत आला. "बोल ना अब! किसकी गलती?"

"ही चूक न्हाई," म्हादबा म्हणाला. हळू म्हणाला, पण म्हणाला.

तात्या उठून मैदानात आले. आम्ही बाजूला झालो. मला वाटलं, आता एक मुस्काटात बसणार. तात्या त्याच्यासमोर उभे राहिले.

"पाय कुटं लागला?"

"गालाला."

तात्यांनी मान हलवली. "मग बरुबर हाय."

मला हायसं वाटलं. आता तात्या विरघळले, आता सगळं ठीक होईल, असं मला वाटलं. तात्यांनी मळलेली तंबाखू शेवटी तोंडात टाकली आणि म्हणाले, "सोमवारी चुलत्यासंगं कारखान्यावर जायाचं."

"व्हय," म्हादबा म्हणाला.

"तात्या!" मी मध्येच बोललो. "तुम्हीच म्हणताय बरोबर आहे, मग शिक्षा कसली?"

तात्यांनी माझ्याकडे नवल वाटल्यासारखं बघितलं. "सिक्षा कुटं? मॅच जिंकली का? न्हाई न्हवं?"

आज मुलांना शिकवता शिकवता मी अधूनमधून थांबतो आणि हा हिशेब पुन्हा मांडून बघतो. चूक नसेल तर हरलो कसे? बरोबर असेल तर बी.ए. का गेलं? बापलेक दोघांनाही यात काही विसंगत वाटलं नाही, मग ते मलाच का वाटतं? मला एवढंच कळतं, की त्या क्षणी मी तात्यांना सांगू शकलो असतो, की खडकीची मॅच आपण जिंकलोच होतो, तिथं माझ्या हाताला चेंडू लागला आणि मी नाडी बांधत बसलो. सांगून त्यांनी ऐकलं असतं की नाही कुणास ठाऊक. पेनल्टी तर पेनल्टीच होती. असं मी स्वतःला समजावलं आणि गप्प राहिलो. म्हादबानं तात्यांना कॅरिअरवर घेतलं आणि ते दोघं निघून गेले. सायकल सुरुवातीला जरा झोकांडली, मग सरळ झाली.

तो कॉलेजात पुन्हा आला नाही. वर्तमानपत्राची कव्हरं घातलेली त्याची पुस्तकं त्यानं भिकाच्या हाती माझ्याकडे पाठवून दिली, पुढच्या वर्षी लागतील म्हणून. मला ती लागली. त्याच पुस्तकांवर मी बी.ए. झालो. कप्तान नाही म्हणून टीमही मोडली.

त्यानंतर मी त्याला पाहिलं ते एकदाच, चार-पाच वर्षांनी. एका विद्यार्थ्याच्या वडिलांना भेटायला मी पिंपरीत कारखान्याच्या दारापाशी उभा होतो. मास्तर झालो होतो, पायात चामड्याचे बूट होते. भोंगा झाला, शिफ्ट सुटली आणि एकदम माणसांचा लोंढा बाहेर आला. खाकी कपडे, डबे, सायकली. धक्क्यानं मी दोन पावलं मागं सरलो आणि माझ्या टाचेखाली कुणाचा तरी पाय आला. वहाणेतला पाय. चांगलाच चेंगरला असणार.

मी वळेपर्यंत तो माणूस वाकला होता. मान खाली. त्यानं माझ्या बुटाला हात लावला, तो छातीला नेला आणि वर न बघताच म्हणाला, "माफी करा साहेब, चूक माझी."

तो आवाज माझ्या ओळखीचा होता. मी हाक मारेपर्यंत गर्दीनं त्याला दहा-पंधरा पावलं पुढे नेलं होतं. सायकलला डबा अडकवून तो किंचित लंगडत चालला होता, मान तशीच खाली.

"म्हादबा!" मी ओरडलो आणि माझा उजवा हात सरळ वर गेला, आपोआप.

त्यानं मागं वळून बघितलं. हात वर केलेला बूटवाला साहेब त्याला दिसला असेल. त्यानं ओळखलं की नाही, मला सांगता येणार नाही. एकदा त्यानं स्वतःच्या मागं बघितलं, हा दुसऱ्या कुणाला बोलावतोय का ते बघायला. मग सायकलवर टांग टाकली आणि रहाटणीच्या बाजूला गेला.

मी कितीतरी वेळ तसाच हात वर करून उभा होतो. पाय माझा लागला होता, हे त्याला सांगायचं होतं.